मूल ‘गिफ्टेड’ आहे का, हे शाळा कसं ठरवते? ठाणे आणि नवी मुंबईतल्या नवख्या पालकांसाठी

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. ठाणे किंवा नवी मुंबईतल्या बहुतेक शाळांत ‘गिफ्टेड’, म्हणजे असाधारण बुद्धीच्या मुलांसाठी ‘गिफ्टेड प्रोग्रॅम’ अशी वेगळी तुकडी नसते. अमेरिकेतून खारघरला किंवा घोडबंदर रोडला परत आलेल्या कुटुंबांना याचा धक्का बसतो. तिकडे मुलाची दुसरी-तिसरीत चाचणी झालेली असते, आठवड्यातून काही तास वेगळा वर्ग असतो आणि ते कागद घेऊन आई-बाबा इथल्या मुख्याध्यापकांसमोर बसतात. कागद बघितले जातात, कौतुक होतं आणि पुढे काहीच होत नाही.

मी ठाण्यात शालेय मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेणं आणि अहवाल पालकांना समजावून सांगणं हा माझा रोजचा उद्योग. या सगळ्या वाटेवर पालक कुठे अडखळतात ते सतत बघते, म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

पहिलं काम: कोणत्या दाराशी उभे आहात ते बघा

आपल्याकडे हुशार मुलांसाठी जे काही आहे ते विखुरलेलं आहे. काही शाळा शनिवारी किंवा शाळा सुटल्यावर निवडक मुलांसाठी गणित-विज्ञानाचे जादा वर्ग घेतात. केंब्रिज आणि आयबी या आंतरराष्ट्रीय मंडळांच्या काही शाळांत मुलांच्या क्षमता बघून अभ्यासाची काठीण्यपातळी ठरवतात. राज्य आणि केंद्र सरकारच्या परीक्षा आहेत. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी आहे. आप्पा पेंडसे यांनी १९६२मध्ये संस्था सुरू केली आणि १९६९मध्ये खास प्रज्ञावंत मुलांसाठी प्रशाला काढली. तिथे पाचवीच्या प्रवेशाला मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धीच्या सिद्धान्तावर बेतलेल्या चाचण्या घेतल्या जातात. आणि मग स्टेशनबाहेरच्या फलकांवरच्या ‘टॅलेंट बॅच’, ‘स्कॉलर बॅच’ आहेत. त्यातल्या बऱ्याच म्हणजे साधी शिकवणीच असते, फक्त नाव मोठं.

प्रत्येक दारावर वेगळं मोजतात. कुठे तर्क, कुठे पाठांतर आणि वेग, कुठे चिकाटी. त्यामुळे ‘माझ्या मुलाची गिफ्टेडची टेस्ट करायची आहे’ असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कशासाठी?

इथे कायद्याचं एक कलम माहीत असू द्या. शिक्षणहक्क कायदा २००९च्या कलम १३नुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी आहे. पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून पहिलीच्या प्रवेशालाच ‘आयक्यू (बुद्ध्यांक) टेस्ट करून आणा’ असं कुणी सांगितलं, तर ते लेखी मागा. प्रवेश झाल्यानंतर, शाळेतल्या शाळेत एखाद्या उपक्रमासाठी मुलं निवडणं ही वेगळी गोष्ट आहे. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

दुसरं: एक वही घाला

चाचणीच्या आधी निदान महिनाभर. दोनशे पानी साधी वही चालेल. त्यात मुलाबद्दलचं मत लिहायचं नाही, मूल काय म्हणालं आणि काय केलं तेवढंच लिहायचं, तारखेसकट.

‘खूप हुशार आहे, स्मरणशक्ती अफाट आहे’ हे वाचून मला काही कळत नाही. एका बाबांनी मात्र असं लिहून आणलं होतं: ‘माजिवड्याच्या सिग्नलला थांबलो होतो. त्याने विचारलं, एमएच झिरो फोरच्या सगळ्या गाड्यांचे चार आकडे संपले की काय करतात? मी म्हटलं, मधलं अक्षर बदलतात. थोड्या वेळाने कापूरबावडीला म्हणाला, म्हणजे एका अक्षराला नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गाड्या. दोन अक्षरं असली तर सव्वीस सव्वीस वेळा. मग ठाण्यात तेवढ्या गाड्या मावतील का?’ मुलगा साडेसात वर्षांचा होता. गुणाकार शाळेत नुकता सुरू झाला होता. या पाच ओळींत मला त्याचा तर्क दिसला, प्रश्न धरून ठेवण्याची ताकद दिसली आणि आकड्यावरून पुन्हा खऱ्या रस्त्यावर येण्याची सवय दिसली.

उलट ट्रान्सहार्बरची सगळी स्टेशनं ठाण्यापासून पनवेलपर्यंत धडाधड म्हणणारी मुलं पुष्कळ असतात. ते छानच आहे, पण तेवढ्यावरून काही ठरत नाही. त्यातलं एखादं मूल जेव्हा विचारतं की नेरूळला जायला दोन वाटा कशा, तेव्हा वही उघडा.

वहीत अडचणीही लिहा. लिहायचा कंटाळा, मोज्याची शिवण टोचते म्हणून रडणं, हरल्यावर खेळ उधळून देणं. या गोष्टी लपवल्या तर नुकसान मुलाचंच होतं.

तिसरं: वर्गशिक्षिकेचा तक्ता

शाळा निवड करते तेव्हा बहुतेक वेळा सुरुवात शिक्षकांच्या शिफारशीने होते. बाईंना एक तक्ता दिला जातो: प्रश्न विचारतो का, एका गोष्टीत किती वेळ रमतो, नवं लवकर उचलतो का, वेगळी रीत शोधतो का. प्रत्येकाला एक ते पाच गुण. या तक्त्यांमागे अमेरिकी शिक्षणमानसशास्त्रज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८मध्ये मांडलेली कल्पना बऱ्याचदा असते. सरासरीपेक्षा वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हातातल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती, या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे प्रज्ञा दिसते, अशी ती कल्पना.

कल्पना चांगली आहे. पण साठ मुलांच्या वर्गात बाईंच्या नजरेत भरतं ते नीटनेटकं, हात वर करणारं, गृहपाठ पूर्ण करणारं मूल. ऐरोलीच्या एका शाळेत आम्ही संपूर्ण चौथीची चाचणी घेतली तेव्हा सगळ्यात वर आलेली मुलगी शिफारशीच्या यादीत नव्हतीच. शेवटच्या बाकावर बसायची, वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढायची. बाई म्हणाल्या, ‘अगं, ही तर गणितं सोडवतच नाही.’ मी तिला विचारलं. तिने वही पुढे केली. वीसपैकी पहिली तीन गणितं सोडवली होती. ‘बाकीची तशीच आहेत,’ म्हणाली. आणि तशीच होती.

दुसरा पक्षपात भाषेचा. घणसोली, दिवाळे, कळवा इथली, घरी आगरी बोलणारी मुलं, किंवा तेलुगू, भोजपुरी घरांतली मुलं इंग्रजी शब्दसंग्रहाच्या प्रश्नांत मागे पडतात आणि मग ती ‘मध्यम’ ठरतात. त्यामुळे शाळेला आवर्जून विचारा: निवड फक्त शिफारशीवर आहे, की सगळ्या वर्गाची चाचणी होते? सगळ्यांची होत असेल तर ती शाळा मला जास्त विश्वासाची वाटते.

तुमचं मूल यादीत नसेल तर बाईंशी भांडू नका. वहीतली दोन-तीन पानं झेरॉक्स करून द्या आणि म्हणा, ‘बाई, घरी हे असं दिसतं. वर्गात असं काही दिसतं का, जरा बघाल?’ पंधरा दिवसांनी पुन्हा भेटा.

चौथं: गटातली चाळणी

सगळ्या वर्गाला एकदम देता येणाऱ्या चाचण्या इथे येतात. जुनी आणि सर्रास वापरली जाणारी म्हणजे रेव्हनची आकृत्यांची चाचणी. एका आकृतीचा तुकडा गाळलेला असतो, खाली दिलेल्या पर्यायांतून योग्य तो निवडायचा. लहानांसाठी रंगीत, ३६ प्रश्नांची. मोठ्यांसाठी ६० प्रश्नांची. भाषा लागत नाही, म्हणून मघाच्या आगरी-तेलुगू प्रश्नावर ती बऱ्यापैकी उतारा आहे.

आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळांत ‘कॅट फोर’ नावाची संगणकावरची चाचणी भेटते. त्यात शब्द, आकडे, आकृत्या आणि अवकाशबोध (आकार मनातल्या मनात फिरवून बघणं) असे चार भाग. अमेरिकेतून येणाऱ्यांच्या फायलीत ‘कॉगॅट’ असतं, त्यात पहिले तीन. नावं सारखी वाटली तरी चाचण्या वेगळ्या आहेत. तिकडचा कॉगॅटचा निकाल इथल्या शाळेवर बंधनकारक नसतो, पण फाइलमध्ये ठेवा. आमच्यासारख्यांना तो उपयोगी पडतो.

पाचवं: एकट्याने बसायची चाचणी

चाळणीत वर आलेल्या मुलांची, किंवा पालकांना स्वतःहून हवी असेल तर, वैयक्तिक चाचणी होते. एक मूल, एक परीक्षक, साधारण दीड-दोन तास. आपल्याकडे तीन नावं जास्त ऐकाल. बिने-कामत ही स्वातंत्र्यापूर्वी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांवर बसवलेली चाचणी. मालिनची चाचणी ही नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी १९६९मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी केली. आणि वेक्सलरचीच नवी भारतीय आवृत्ती.

चाचणी घेणाऱ्याला तीन गोष्टी विचारा, संकोच करू नका. चाचणी कोणती? मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत घेणार का? आणि तिचे मानदंड, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना होते ते, किती जुने? हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. पिढ्यांगणिक मुलांचे कच्चे गुण वाढत जातात. संशोधक जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिलं की ही वाढ दशकाला साधारण ३ गुणांची आहे. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या मुलांशी आजच्या मुलाची तुलना केली तर आकडा फुगतो. जुन्या चाचणीवर आलेला १३५ बुद्ध्यांक आणि नव्या चाचणीवरचा १३५ एकच नव्हेत.

चाचणी घेणारी व्यक्ती मानसशास्त्राची प्रशिक्षित पदवीधर हवी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारता येते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे, इतरही चांगली केंद्रं आहेत. मात्र बोटांचे ठसे घेऊन बुद्धी सांगणारी ‘डीएमआयटी’ आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारं ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांना काहीही शास्त्रीय आधार नाही. मॉलमध्ये स्टॉल असतो, शाळेतही कॅम्प लागतो. तरी नाही म्हणा.

खोलीत काय होतं ते थोडं सांगते, म्हणजे तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून घाबरणार नाही. गप्पांपासून सुरुवात होते. मग शब्दांचे अर्थ, दोन गोष्टींतलं साम्य, आकडे उलटे म्हणणं, चित्रांतली उणीव शोधणं. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांनी नक्षी जुळवायचा एक भाग असतो, हातात घड्याळ धरून. एक मुलगा आठवतो. वेळ संपली, मी ठोकळे उचलायला हात पुढे केला, तर त्याने दोन्ही तळवे ठोकळ्यांवर पालथे ठेवले. ‘एक मिनिट. हा कोपरा उलटा आहे, एवढंच कळलंय मला.’ गुण मिळाले नाहीत, नियमाप्रमाणे देता येत नाहीत. पण मी अहवालाच्या निरीक्षणांत ते शब्दशः लिहिलं, आणि शाळेच्या निवड समितीत चर्चा झाली ती त्या वाक्याची.

यासाठी क्लास लावू नका. बाजारात ‘आयक्यू सराव’ पुस्तकं आहेत, काही ठिकाणी चाचणीतले प्रश्नच शिकवतात. चाचणीचं सगळं बळ प्रश्न नवा असण्यात आहे. सराव केलेलं मूल आलं की मला त्याची बुद्धी दिसत नाही, सराव दिसतो. शिवाय वर्षभराने खऱ्याच गरजेसाठी चाचणी करायची वेळ आली तर ते साधन वाया गेलेलं असतं.

सहावं: अहवाल वाचताना

बुद्ध्यांकाची सरासरी १००. बहुतेक चाचण्यांत १३०च्या वरची मुलं शंभरात साधारण दोन. अहवालात ‘९५ पर्सेंटाइल’ असेल तर त्याचा अर्थ ९५ टक्के गुण मिळाले असा नाही; त्याच वयाच्या शंभर मुलांत साधारण ९५ जण याच्या मागे आहेत, असा. ही गल्लत मी दर आठवड्याला सोडवते.

एकच आकडा बघू नका, त्याच्या बाजूला दिलेला पट्टा बघा. १२६ आला असेल तर खरी क्षमता साधारण १२० ते १३१ अशी कुठेतरी आहे, एवढंच चाचणी म्हणते. म्हणून १३०ची रेषा आखून १२८च्या मुलाला घरी पाठवणाऱ्या शाळेचं मला मनापासून वाईट वाटतं. असं एका शाळेत माझ्यासमोर झालं आहे.

आणि भागांमधली दरी बघा. शब्दांच्या भागात १४०, लिखाण-वेगाच्या भागात ९० असं निघालं तर एकूण आकडा मधेच कुठेतरी येतो आणि मूल ‘साधारण’ दिसतं. अशी मुलं बऱ्याचदा खूप हुशार असतात आणि त्यांना जोडीला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) किंवा लक्ष टिकवण्याची अडचण असू शकते. त्यांना दोन्ही लागतं, आव्हानही आणि मदतही. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणी जावं लागतं. खासगी अहवाल तिथे संदर्भ म्हणून सोबत न्या.

सातवं: निवड झाली तर काय मिळणार, हे विचारा

पालक निवडीपर्यंत जीव टाकतात आणि पुढचं विचारतच नाहीत. मुख्याध्यापकांना हे विचारा: आठवड्याला किती तास? शिकवणार कोण? वर्गातला कोणता अभ्यास यामुळे माफ होणार, की हा सगळा जादा भार? मधेच बाहेर पडायचं असेल तर? यंदा निवड झाली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा बघणार का?

उत्तर ‘जादा वर्कशीट देतो’ असं आलं तर थांबा. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलीला आणखी वीस गणितं देण्यासारखं ते आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये अशा मुलांसाठी विषयवार मंडळं आणि प्रकल्प चालवावेत असं म्हटलं आहे. शाळेत काहीच नसेल तर पाच-सहा पालक मिळून ‘गणित मंडळ सुरू करू या, शनिवारी एक वर्ग द्या’ असा अर्ज द्या. सोबत धोरणाच्या त्या भागाची प्रत लावा.

शाळेबाहेरची उघडी दारं

इथे कुणाच्या शिफारशीवर सहसा अडत नाही. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती: दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण आणि दीड तास, भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. आधी चौथी-सातवीला होती, मग पाचवी-आठवीला गेली आणि आता पुन्हा चौथी-सातवीकडे नेली जात आहे, त्यामुळे तुमच्या मुलाचं वर्ष शाळेत नक्की करून घ्या. इथे गुण मोजताना वयाचा हिशेब नसतो. वर्गातलं अकरा महिन्यांनी लहान मूलही त्याच यादीत मोजलं जातं, हे निकाल बघताना लक्षात असू द्या.

केंद्र सरकारच्या निवासी नवोदय विद्यालयाची सहावीची प्रवेश परीक्षा: दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण, त्यातले निम्मे बुद्धिमत्तेला. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, म्हणून ठाणे शहरातल्या मुलांना चुरस जास्त. पण शहापूर-मुरबाडच्या बाजूला तुमचे नातेवाईक असतील तर त्यांना जरूर सांगा.

आठवीत एनएमएमएस, ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या, वार्षिक साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. एनटीएस, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, मात्र २०२१पासून बंद आहे. तिच्या नावाने अजून कुणी फी घेत असेल तर जाब विचारा.

सहावी आणि नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा. १९८१पासून मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ घेतं. मला ती मनापासून आवडते, कारण लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक असतं, मग स्वतः केलेला कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत. एका सकाळच्या आकड्यावर ते थांबत नाहीत. आणि वाशीच्या पुलापलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, गणित-विज्ञानाच्या ऑलिंपियाड या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी देशाच्या चमूंची तयारी तिथे होते. मोठ्या मुलांनी निदान एकदा ऑलिंपियाडच्या मागच्या प्रश्नपत्रिका घरी सोडवून बघाव्यात.

चाचणीच्या दिवशी

सकाळची वेळ घ्या. सर्दी-ताप असेल तर पुढे ढकला. त्यासाठी कुणी रागवत नाही. चष्मा विसरू नका, हे मी अक्षरशः चष्मा आणायला घरी धावलेल्या बाबांना बघून लिहिते आहे. पोहे-उपमा काय रोजचं असेल ते खाऊ द्या.

मुलाला काय सांगायचं? ‘तू किती हुशार आहेस ते बघणार आहेत’ असं नको. असं सांगा: ‘एक ताई तुला कोडी घालणार आहेत. काही सोपी, काही इतकी अवघड की मोठ्यांनाही येणार नाहीत. नाही आलं तर नाही येत म्हण.’ आणि बाहेर आल्यावर किती आली हे विचारू नका. त्यातलं मजेदार कोणतं होतं, ते विचारा. मूल बोलेल ते घरी जाऊन त्या वहीत लिहा.

अहवाल आला की मूळ प्रत घरी ठेवा, शाळेला झेरॉक्स द्या आणि दिल्याची पोच घ्या. तीच चाचणी पुन्हा करायची असेल तर वर्ष-दीड वर्ष तरी जाऊ द्या. तोवर कुठे काही लागलं, शाळा बदलली, किंवा गावाला बदली झाली तरी ती वही आणि तो अहवाल एकाच फाइलमध्ये राहू द्या.